डावीकडची सीट

छत्तीस वर्षं मी बसत आले डावीकडे,
मांडीवर नकाशा, नकाशाच्या घड्यांत सँडविचचा चुरा.
आज तिथे क्लिफर्ड बसलाय, टोपी कानापर्यंत ओढून.
त्याला कडा दिसतात, म्हणतो, फक्त कडा.
शाई ओली असताना चित्राच्या मधोमध
कुणी अंगठा फिरवावा, तसं जग.

लायसन्स त्याने मार्चमध्ये परत पाठवलं,
पाकिटावर तिकीट वाकडं लावून.
गाडी मात्र ठेवली.
ट्रायम्फ, सत्तावन सालची, सायीच्या रंगाची,
दार इतकं ठेंगणं
की हात खाली सोडला तर रस्ता बोटांना लागेल.

"चोक ओढ. अर्धाच. आता बटण."
ती खोकते, नकार देते, पुन्हा खोकते,
मग एकदम घसा मोकळा करून बोलू लागते.
पुढे हार्टली रेन, त्याच्या निळ्या हीलीत,
शेजारी नात, तिच्या मांडीवर केकचा डबा.
मागे रिचमंडची ती दोघं बहीणभाऊ, मॉर्गनमध्ये,
जिच्या बॉनेटला पट्टा आवळलाय,
म्हाताऱ्या ट्रंकेला आवळावा तसा.

थ्वेट मागे पडलं की रस्ता भिंतींच्या मधे शिरतो.
चुना नाही, गारा नाही,
दगडावर दगड, एकमेकांच्या भरवशावर,
दोनशे वर्षं तरी झाली असतील.
क्लिफर्ड डोळे मिटतो. "ऐक," म्हणतो.
आमचाच आवाज भिंतीवर आपटून आमच्याकडे येतोय,
जाड, जवळचा, जरा उर्मट.
"फाटक," म्हणतो तो, आणि खरंच, फाटक!
आवाज क्षणभर शेतात पळाला,
दावं तोडलेल्या वासरासारखा,
आणि पुढच्या दगडाशी मुकाट परत आला.
"आता गोठा. उजवीकडे. त्याच्यापाशी वळण आवळत जातं.
दुसरा टाक. क्लच दोनदा, मधे घुमू दे तिला."
मी गिअरचे दात कराकरा वाजवले.
तो काही बोलला नाही.
मी चुकीच्या फाट्यावर नेलं
तेव्हाही तो कधी काही बोलला नव्हता.
खोटं आहे हे. बोलायचा. हॉजपर्यंत बोलत राहायचा.

मग चढ. मेंढ्या, पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका,
रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या.
स्टिअरिंग हातात जिवंत होतं,
टायरखालचा एकेक खडा मनगटाला सांगत होतं,
आणि मला कळलं, इतकी वर्षं
हा माणूस या गोष्टी एकट्यानेच ऐकत होता.

लोण्याचे रांजण म्हणतात त्या खोल खड्ड्यांपाशी
भिंती संपल्या.
एका बाजूला तारेचं कुंपण, पलीकडे नुसती हवा.
आवाज गेला तो गेलाच. परत आला नाही.
क्लिफर्डचा हात डॅशबोर्डवर चाचपडला,
पकडायची दांडी सापडली, घट्ट धरली.
"इथे मला काही दिसत नाही," म्हणाला.
"इथून तू."

कुठून तरी टिटव्या ओरडत होत्या.
मी घाबरले, हे कबूल.
आणि घाबरतच पाय दाबला.
तिसरा, चौथा, मग तो लहानसा खटका, ओव्हरड्राइव्ह,
आणि सुईने पासष्टवर थरथरत उभं राहणं,
वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून काढलेलं पाणी
कानामागे जाणं,
पुढच्या हीलीची निळाई वाढत वाढत येणं,
हार्टलीने हात वर करून बाजूला होणं,
त्याच्या नातीची किंचाळी, केकचा डबा छातीशी!
मी ओरडले काहीतरी.
काय ते आता आठवत नाही.

हॉजच्या चौकात इंजिन बंद केलं,
तरी ती बराच वेळ टिकटिकत राहिली, निवत.
हार्टली आला. म्हणाला, "आज चालवत कोण होतं?"
क्लिफर्डने टोपी काढली. केस सगळे एका बाजूला.
"हीच. गोठ्यापाशी ब्रेक उशिरा मारला हिने.
सांगणार होतो."
मग गुडघे धरून, दोन प्रयत्नांत, तो बाहेर आला,
बॉनेटवर तळवा ठेवला,
पोळला, तरी उचलला नाही.
"सांगायचं राहून गेलं," म्हणाला.

परतीला दुसरा रस्ता घ्यायचा ठरला.
त्याच्या भिंती तो ओळखत नाही.
नकाशा मीच मागे फेकला होता सकाळी,
आता त्याची घडी काही केल्या जमेना.